वर गवत, खाली तोंडं

लग्न होऊन मी या डोंगरावर आले तेव्हा जनावरांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की पुढे शिंगं असतात आणि मागे शेपूट. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पायथ्याच्या गावात बाजाराच्या रस्त्यावर आमचं लहानसं दुकान आणि वर दोन खोल्या. दूध आमच्याकडे बाटलीतून यायचं. त्यामुळे सासरचं घर पाहून मी जरा हबकलेच. तळाला गोठा, मधे आम्ही आणि डोक्यावर चाऱ्याचा माळा. माळ्यावरून फळ्यांचा एक चौकोनी नळ स्वयंपाकघराच्या भिंतीलगत थेट गोठ्यात उतरलेला. वरून वैरण सोडली की ती भिंतीआडून सरसरत खाली जायची. दूध उतू चाललंय असं वाटून पहिला आठवडाभर मी दर वेळी चुलीकडे धावत होते, आणि माझ्या नणंदबाई वरून खो खो हसत होत्या.

सासूसासरे नव्हते. घर चालवायच्या त्या नणंदबाईच. मी त्यांना वन्सं म्हणायचे. यांच्याहून बऱ्याच मोठ्या. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा हे अजून शाळेत होते. वन्संनी भावाला वाढवलं, गोठा सांभाळला, आणि त्या धबडग्यात स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. तसं त्या कधी बोलून दाखवत नसत. कुणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "सवड कुठे होती?" जसं काही बाजारातून सुई आणायची राहिली.

आमच्या वस्तीचं सगळं गणित गवतावर. उन्हाळ्यात उतार हिरवेगार असतात, तेव्हा कितीही जनावरं पाळा. पण एकदा बर्फ पडलं की बाहेर काडीसुद्धा मिळत नाही, खालचा रस्ताही बंद होतो. मग माळ्यावर जे चढवलं असेल तेवढंच. म्हणून उन्हाळाभर लांब दांड्याचे विळे चालायचे. वरच्या कुरणातलं गवत भारे बांधून अंगणापर्यंत ताणलेल्या तारेला अडकवायचं आणि सोडून द्यायचं. तो भारा घळीवरून शीळ घालत आमच्या अंगणात येऊन आदळायचा. हे वर, मी आणि वन्सं खाली. भारा सुटला की हे वरून ओरडायचे, "आला गं!" आणि आम्ही दोघी पदर खोचून बाजूला पळायचो. एकदा भारा माझ्या वाळत घातलेल्या साडीसकट कुंपणापलीकडे गेला. त्यावर वन्सं म्हणाल्या, "बरं झालं, रंग नाहीतरी तुला शोभत नव्हता."

माळा भरला की वन्सं डोक्याला फडकं बांधून वर चढायच्या. हातात एक लांब लोखंडी सळई. ती गंजीत ठिकठिकाणी खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, मग उपसून गालाला लावून बघायची. गरम लागली तर गवत आत ओलं राहिलंय, ते उकरून पुन्हा वाळवायचं, नाहीतर आतल्या आत पेट घेतं. सगळी गंजी तपासून झाली की खाली यायच्या, पाणी प्यायच्या आणि सांगायच्या, "यंदा इतकी तोंडं." तेवढी जनावरं ठेवायची, बाकीची बाजारात. त्यावर चर्चा नाही. मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. पण दर साली रानात पहिलं कोवळं गवत दिसायला आणि आमच्या माळ्याच्या तळाची फळी दिसायला एकच गाठ पडायची, हे मी चार वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाचव्या वर्षी गणित फसलं. एक तर पहिली कापणी आटोपली आणि दरड कोसळून वरच्या कुरणाची वाटच गेली. दुसरी कापणी तिकडेच उभी वाळली. आणि दुसरं म्हणजे, त्याच महिन्यात हे बाजारात गेले ते एक गाय घेऊनच आले. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. गाय म्हणजे काय, चालतं कपाटच. पांढरी, काळे ठिपके, आमच्या बुटक्या गाईंच्या दुप्पट उंच. गोठ्याच्या दारातून आत येताना तिला मान खाली घालावी लागली, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. साधं गवत पुढे टाकलं तर हुंगायची आणि तोंड फिरवायची. फुलोऱ्याचं गवत निवडून दिलं की मग खायची, तेही उपकार केल्यासारखं. वन्संनी तिचं नाव मॅडम ठेवलं.

"दूध किती देते ते बघ ना ताई," हे म्हणाले.

"दूध बघते आहे. खाणंही बघते आहे," वन्सं म्हणाल्या.

पानं गळायला लागली तेव्हा वन्सं माळ्यावर चढल्या. गवत जेमतेम दुसऱ्या तुळईपर्यंत होतं. आम्हीही मागोमाग वर गेलो. वन्संनी सळई खुपसली सुद्धा नाही. "सहा तोंडं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे आहेत नऊ."

"ओढूनताणून नेऊ की," हे म्हणाले. "सगळ्यांना थोडं थोडं कमी घालू."

"म्हणजे नऊच्या नऊ अर्धपोटी. मग बर्फ वितळायला लागलं की एकेकीला शेपटीला धरून उभं करायचं. बाबांनी एक साल तसं केलं होतं. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. मला आठवतं."

"मग विकू."

"कुणाला विकशील? सगळी वस्ती विकायला काढून बसली आहे. दरड काय एकट्या आपल्यासाठी कोसळली?"

यांनी गंजीतली एक काडी उपसली. मग म्हणाले, "मॅडमला मी विकणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"तुझी मॅडम दोघींचं खाते. नऊ कसली, दहा म्हण."

यांनी शिडी उतरताना पाय असा आपटला की खालची मांजर पळाली. पुढचे दोन दिवस बहीणभावाचं बोलणं बंद. एका ताटलीच्या अंतरावर बसून मला मधे घालून बोलायचे. "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ पुढे कर म्हणावं." "तुझ्या वन्संना सांग, मीठ त्यांच्याच हाताशी आहे." मी पार वैतागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "त्या गिरणीवाल्याला विचारून बघितलं तर?"

दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं.

माहेरी जाताना बस नदीकाठच्या गिरणीवरून जायची. गिरणीमागे सपाट कुरण होतं आणि त्यात गवताच्या गंज्या उभ्या, वरून काळ्या पडलेल्या. दर खेपेला त्या तशाच दिसायच्या, कुणी हात लावलेला नसायचा. गिरणीवाल्याची बायको वारली होती, मुलं शहरात गेली होती, दावणीला एक म्हातारी गाय तेवढी. सवयीने माणूस गवत कापायचा आणि रचून ठेवायचा, खायला कुणी नव्हतं. आमच्याकडे तोंडं जास्त, त्याच्याकडे गवत जास्त. हे मी बोलून दाखवलं तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटलं, की घड्याळवाल्याच्या मुलीला हे सुचलं कसं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वन्सं खाली उतरलो. गिरणी चालू होती. दारात पाऊल टाकलं तर जोत्यापासून छपरापर्यंत सगळं थरथरत होतं, आणि त्या पांढऱ्या धुरळ्यातून गिरणीवाला पुढे आला. भुवयांवर पीठ, कानांवर पीठ, उभा आडवा गडी. सारा जन्म जात्याच्या घरघरीत गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, आणि आपल्यासारखंच जगालाही कमी ऐकू येतं अशा समजुतीने तो मोठ्यानेच बोलायचा.

"या! दळण कुठाय?"

"दळण नाही. गवत बघायला आलोय," वन्सं म्हणाल्या.

"आं?"

"गवत!"

तो आम्हाला मागे घेऊन गेला. वन्सं सरळ एका गंजीशी गेल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला, मूठभर गवत ओढून काढलं, हुंगलं आणि दोन काड्या चावून बघितल्या.

"कापायला उशीर केलात. बी गळून गेल्यावर कापलंय. यात जीव काय राहणार? गादीत भरायच्या लायकीचं आहे."

मी मनात म्हटलं, झालं, आता हा हाकलून देणार. पण गिरणीवाला हसायलाच लागला. "बाई," तो ओरडला, "बायको गेल्यापासून माझ्या गवताला कुणी वाईटसुद्धा म्हटलं नव्हतं!"

वन्संनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग दुसऱ्या गंजीशी गेल्या. तिच्यात हात घातला आणि म्हणाल्या, "हे बरं आहे."

बोलणी तिथेच कुरणात झाली, आणि पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनाही ती ऐकू गेली. चार जनावरं हिवाळाभर खाली राहणार. शेण सगळं त्याच्या शेतांना, कारण खत नसल्यामुळे शेतं भुकेली होती. दूध निम्मंनिम्मं. सगळं पटल्यावर गिरणीवाल्याने डोकं खाजवलं. "पण बघणार कोण? मला गिरणी सोडून हलता येत नाही. आई आहे, पण तिला आता दिसत नाही."

"माणूस आम्ही देऊ," वन्सं म्हणाल्या.

माणूस कोण द्यायचा याचा विचार घरी पोचेपर्यंत त्यांनी करून टाकला होता. मॅडम आमच्यापैकी फक्त वन्संना धार काढू द्यायची. बाकी कुणी जवळ गेलं तर लाथ. म्हणजे मॅडम खाली गेली तर वन्संना जाणं भाग होतं. हे म्हणाले, "ताई, तू तिकडे? परक्याच्या घरात? अख्खा हिवाळा?"

"गायी परक्याच्या घरात राहणार, मग मला काय झालं? त्याची आई आहे की."

निघायच्या दिवशी वन्संनी शाल डोक्यावरून घेतली, मॅडमचं दावं हातात धरलं आणि मला म्हणाल्या, "माळा तुझ्याकडे." यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पायरीवर उभी राहून त्या वळणाआड जाईपर्यंत बघत होते. पुढे मॅडम, मागे दोन कालवडी आणि आटलेली तपकिरी गाय, आणि त्यांच्यामध्ये वन्संचा तो ठेंगणा, भक्कम पाठमोरा आकार. घरात आले तर घर इतकं मोठं वाटलं की मी उगाचच भांडी पुन्हा घासायला काढली.

तो हिवाळा मला फार आठवतो. आम्हा दोघांनाच असं घर पहिल्यांदा मिळालं होतं. सुरुवातीला आम्ही एकमेकांना जरा बिचकूनच होतो, पाहुण्यांसारखे. मग बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत चढलं आणि बोलण्याशिवाय करण्यासारखं काही उरलं नाही. हे बासरी वाजवायचे हे मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं. वन्संना आवाजाचा त्रास होतो म्हणून सोडून दिली होती म्हणे. वाजवायचे मात्र वाईट.

माळ्याचं मी मन लावून करत होते. सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं, वन्संनी हाताने दाखवलं होतं तेवढंच कवेत घ्यायचं आणि नळातून सोडायचं. पाच तोंडं आणि सहांचं गवत, म्हणजे आम्ही श्रीमंतच होतो. तरी हिवाळा निम्मा व्हायच्या आत गंजी अशी खाली बसली की मी ती रोज वितीने मोजायला लागले. मी यांना काही बोलले नाही. कारण काय ते मला थोडंफार ठाऊक होतं. लहान पाडी माझ्याकडे बघून हंबरायची आणि मला राहवायचं नाही. दुपारी मी तिला शालीखालून एक कव नेऊन घालायची. एकच कव, त्यात काय जातंय?

एका दुपारी तशीच शालीखाली गवत लपवून गोठ्यात उतरले, तर गव्हाणीपाशी हे उभे. कोटाची बटणं उघडी, आणि कोटातून गवत काढून आमच्या एका म्हाताऱ्या गाईपुढे टाकत होते. मला बघून कोट मिटायला गेले. माझ्या शालीतून गवत सांडायला लागलं.

"तूसुद्धा?" हे म्हणाले.

"कधीपासून चाललंय तुमचं?"

"ताई गेली त्या आठवड्यापासून."

आम्ही तिथेच पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग वर जाऊन माळा पाहिला आणि हसू थांबलं. उरलेलं गवत बर्फ संपेपर्यंत पुरणार नव्हतं, हे सांगायला सळई लागत नव्हती.

पुढचे दिवस कष्टाचे गेले. घळीत काही झाडं होती, हिवाळ्यातही पानं न गाळणारी. हे कमरेला दोर बांधून चढायचे आणि कोयत्याने फांद्या तोडायचे. मी खाली बर्फातून त्या ओढत आणायची. पानं चिवट, तुरट आणि कडेला काटेरी. गायींनी पहिल्या दिवशी हुंगून तोंड फिरवलं, जणू सगळ्याच मॅडम झाल्या होत्या. मग मी पानं बारीक चिरून उकडलेल्या बटाट्यांत कालवली, वर थोडं गवत पेरलं, तेव्हा खाल्लं. माझी बोटं फुटली होती, यांच्या हाताला भोकं पडली होती. एक दिवस हे झाडावरून म्हणाले, "ताई असती तर इथवर आलंच नसतं." मी म्हणाले, "वन्सं असत्या तर पाडी उपाशी हंबरली असती." आणि मला लगेच वाईट वाटलं, कारण वन्सं गेल्यापासून रोज सकाळी चहाचे तीन पेले मीच काढत होते आणि एक परत ठेवत होते.

वाट मोकळी व्हायला उशीर झाला. अजून गुडघाभर चिखल-बर्फ होतं, अशा एका सकाळी खालून गिरणीवाल्याचा आवाज आला. माणूस दिसायच्या बराच आधी. दोन खेचरं, पाठीवर गवताचे भारे, पुढे गिरणीवाला आणि मागे वन्सं. अंगणात आल्या, बूट झटकले, शिडी चढून माळा पाहिला. उतरून गोठ्यात गेल्या, एकेकीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे.

"माळा रिकामा," वन्सं म्हणाल्या. "जनावरं लठ्ठ. हिशोब बरोबर आहे."

"तुला कसं कळलं गवत आणावं लागेल ते?" यांनी विचारलं.

"तुम्ही दोघं कसे आहात ते मला माहीत नाही का?"

सामान उतरवून झालं. चहा झाला. गिरणीवाला पेला हातात धरून नुसताच बसून राहिला, आणि वन्सं भांडी विसळायच्या निमित्ताने पाठ करून उभ्या राहिल्या. मग गिरणीवाल्याने घसा खाकरला आणि यांच्याकडे झुकून कुजबुजायचा प्रयत्न केला. त्याला हळू बोलायला सांगून ठेवलं असणार. पण त्याची कुजबुज म्हणजे आपलं हाक मारणं.

"मला तुमच्या ताईंशी लग्न करायचंय! त्या म्हणतात, आधी भावाला विचारा!"

शेजारच्या अंगणात कुणीतरी लाकडं फोडत होतं, तो आवाज थांबला.

हे लाल झाले, मग पांढरे. "ताई? या वयात?" आणि मग खरं ते बाहेर आलं, "मग इथलं कोण बघणार?"

वन्सं वळल्या. हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. घाबरल्या होत्या त्या. दरड कोसळली तेव्हा घाबरल्या नव्हत्या.

"ही बघेल," माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "शिकेल. आणि तू मला नको म्हणालास तर मी नाही जाणार. पण म्हणू नकोस."

हे उठून बाहेर गेले. मी मागे जाणार होते, वन्संनी मानेने नको म्हटलं. बराच वेळ हे अंगणात खेचरांच्या पाठी खराऱ्याने घासत उभे होते. खेचरं आमची नव्हती, घासायची काही गरजही नव्हती. मग आत आले आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "तुमचं गवत वेळेवर कापत चला. ताईला चालत नाही."

"आं?" गिरणीवाला म्हणाला.

"घेऊन जा, म्हणतोय तो!" वन्संच ओरडल्या, आणि ओरडल्यावर स्वतःच पदराने तोंड झाकून घेतलं.

पहिली कापणी झाल्यावर लग्न झालं. मॅडमला त्यांनी खालीच ठेवून घेतलं, यांनीही परत मागितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं, पानं गळायला लागली की वन्सं एकट्या चढून वर यायच्या. मी माझा आकडा सांगायची, त्या माळा बघून त्यांचा सांगायच्या. बहुतेक वेळा माझा एकाने जास्त असायचा. जास्तीची जनावरं खाली जायची, गवत फुटलं की परत यायची, आणि त्यांच्या अंगावर पिठाचा वास यायचा. आमच्या मुलांना वाटायचं, सगळ्याच गायी हिवाळ्यात गिरणीवर जातात.

आता तो व्याप राहिला नाही. रस्ता बारमाही झाला. चारा ट्रकमधून प्लास्टिकच्या गठ्ठ्यांत येतो, हवा तेव्हा मागवा. वरच्या कुरणात आता झुडपं माजली आहेत. हे गेले, गिरणीवालाही गेला. गिरणी बंद पडली, आणि तिथली शांतता मला पहिल्या पहिल्यांदा सहन व्हायची नाही. वन्सं तिथेच राहतात, आमच्या मुलांनी वर बोलावलं तरी येत नाहीत. महिन्यातून एकदा मीच बसने जाते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण बोटांनी सगळं ओळखतात. गेल्या खेपेला मी दारात पाऊल ठेवलं तशी त्यांनी विचारलं, "यंदा तोंडं किती?"

"दोनच, वन्सं."

"मग गवत उरत असेल."

"उरतं."

"उरलेलं काय करतेस?"

"राहू देते माळ्यावर. घरात वास राहतो."

त्यांनी चाचपत माझा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हात मऊ झाले गं तुझे." मग आम्ही बाहेर कुरणाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. ऊन चांगलं होतं. समोर शेजारच्या माणसाने गवत कापून पसरलं होतं. वन्संनी मान जरा वर करून हवा हुंगली आणि म्हणाल्या, "उशीर केला त्याने कापायला. जा, सांग त्याला."

मी जाऊन सांगितलं. तो माणूस हसला आणि हो म्हणाला.